फिर आइए हं

थंडी पडली की मला राग येतो.

लोकांना दिल्लीच्या थंडीचं केवढं कौतुक! गाजराचा हलवा, मुळ्याचे पराठे, उन्हात पाठ शेकत सोललेला मटार, दारावर येणारी गूळ-तिळाच्या गजकची गाडी. मलाही हे सगळं आवडतं, खोटं कशाला बोलू? पण नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी मयूर विहारच्या आमच्या गल्लीत धुकं उतरतं, ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरना डांबरगोळ्यांचा वास येतो, आणि माझं डोकं सटकतं. कारण दिल्लीत थंडी म्हणजे 'सीझन'. बघायला येणाऱ्यांचा सीझन. बाकीच्यांचं बालपण थंडीत बोरं खात गेलं असेल; आमचं लोकांना दिसत गेलं. आम्ही राहत होतो तीच जागा बघण्यासारखी होती, त्यामुळे आम्हीही बघण्यासारखे झालो.

यंदा राग यायला निमित्त झालं माझ्या लेकीचं. सई गुडगावला नोकरी करते, तिथेच राहते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "मम्मा, संडेला आजीला घेऊन चल ना! टूटी सराय रीओपन झालंय. मस्त कॅफे पण आहे. आजी खूश होईल, बिल्कुल!" फोन स्पीकरवर होता. आई बाल्कनीत मटार सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि हातातली शेंग खाली ठेवून मला विचारलं, "आपली मोरी असेल का गं अजून?"

इतक्या वर्षांनी घराची चौकशी करायची, तर बाई मोरीची करते!

टूटी सरायमधली सराय कधीच नाहीशी झाली होती. उरला होता तो तिचा दरवाजा. मेहरौलीच्या पुढे, गुडगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, दगडविटांची एक उंच कमान, कमानीच्या दोन्ही बाजूंना खाली कोठड्या, वर तीन खोल्या आणि त्यांच्या डोक्यावर गच्ची. बादशाही काळात तिथून उंट आणि व्यापारी आत यायचे म्हणे. नंतर बाबांच्या सरकारी खात्याने खालच्या कोठड्यांत फावडी, घमेली आणि डांबराची पिंपं भरली आणि वरच्या खोल्यांना 'क्वार्टर' असं नाव देऊन टाकलं. बाबा त्या खात्यात कारकून होते. आर. के. पुरममध्ये घर मिळेपर्यंत तात्पुरते राहा, असं सांगून त्यांना हा दरवाजा दिला. सरकारी 'तात्पुरतं' माझ्या जन्माआधी सुरू झालं आणि मी बारावीत गेले तरी चालूच होतं.

आई साताऱ्याहून लग्न होऊन थेट त्या कमानीवर आली. पत्ता ऐकूनच तिचं तोंड उतरलं होतं. "टूटी सराय म्हणजे मोडकी धर्मशाळा! असला पत्ता माहेरी कळवायचा तरी कसा?" कितीतरी वर्षं माहेरच्यांना ती 'सरकारी बंगला' एवढंच सांगत राहिली. मामा पहिल्यांदा आला तेव्हा कमानीखाली उभा राहून बंगला शोधत होता, आणि आई वरच्या झरोक्यातून त्याला हाका मारत होती.

त्या घरात सगळं होतं, फक्त न्हाणीघर नव्हतं. बादशहाच्या पहारेकऱ्यांनी आंघोळी कुठे केल्या कोण जाणे. म्हणून बाबांनी मागच्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी बांधली. मागच्या अंगणात सरायच्या पडलेल्या भिंतींचा ढीग होता. त्यातल्या बोटभर जाडीच्या जुन्या लाखोरी विटा त्यांनी वेचून आणल्या, चुना कालवला आणि दोन रविवार खपून ती बांधली. बाबांचा हात लेखणीचा, थापीचा नव्हे. मोरीचा एक कठडा साफ वाकडा झाला. आई म्हणाली, "तुमच्या नाकासारखीच झालीय." बाबांनी रागाने ओल्या चुन्यात तांब्या दाबून ठेवला, त्याचा एक गोल खळगा तयार झाला, आणि पुढे कायम तांब्या त्याच खळग्यात बसत राहिला. भिंतीतून पाणी बाहेर टाकणारं एक जुनं दगडी पन्हाळं होतं, मोरीचं पाणी त्यातून जायचं. दाराच्या जागी आईच्या जुन्या साडीचा पडदा. झाली मोरी.

भिंती दोन हात रुंद. जूनमध्ये बाहेर लू वाहायची तेव्हा आत माठासारखं गार असायचं आणि जानेवारीत आतून बाहेर यावंसं वाटायचं, कारण गच्चीवर ऊन पसरलेलं. त्या गच्चीवर मी वाचायला शिकले. चटई, मिठातल्या पेरूच्या फोडी, बुरुजावर गुटुर्गूं करणारी कबुतरं, आणि खालून एखादा ट्रक कमानीतून गेला की पाठीखालची गच्ची किंचित थरथरायची. मला वाटायचं सगळ्यांचीच घरं ट्रक गेल्यावर थरथरतात.

बघायला येणारे तेव्हाही होते, पण मोजके. कधी एखादा वही-पेन घेऊन आलेला विद्यार्थी, कधी आडोसा शोधणारं जोडपं, कधी मेहरौलीला सहलीला आलेलं कुटुंब. ते बिचकत यायचे, जिन्याच्या पायरीवर उभे राहून विचारायचे, "ऊपर आ सकते हैं?" विचारणाऱ्याचा राग येत नाही.

मग बाजार खुला झाला. असं आता पुस्तकांत म्हणतात. आम्हाला तो रस्त्यावर दिसला. गुडगावच्या वाटेवर मोहरीची शेतं होती, ती आम्ही गच्चीवरून पिवळी होताना पाहायचो. त्या शेतांत एकेक करून फलक उगवले. 'महालासारखं घर', 'राजेशाही राहणी', कमानी, कारंजी, गोऱ्या बायका. रस्त्यावर नव्या मारुती गाड्या वाढल्या, गळ्यांत कॅमेरे आले, आणि ज्यांना महालासारखं घर घ्यायचं होतं ती माणसं रविवारी प्लॉट बघून परतताना आमच्याकडे खरा महाल बघायला थांबू लागली. ते विचारत नव्हते. ते सरळ जिना चढायचे. एका गृहस्थांनी माझ्या अंथरुणावर बसून बायकोकडून फोटो काढून घेतला. एका पोराने कोनाड्यातला आमचा बाळकृष्ण उचलला आणि आईला विचारलं, "आंटी, ये कितने का है?" आणि सगळे, अगदी सगळे, एकच प्रश्न विचारायचे: "आप लोग यहाँ रहते हैं? सच में?" प्रश्न विचारताना ते आमच्या गॅसच्या शेगडीकडे, दोरीवरच्या टॉवेलकडे, माझ्या फाटक्या स्लीपरकडे असे बघायचे की जणू आम्ही चित्रावर बसलेल्या माश्या. मला ओरडावंसं वाटायचं, हो, सच में! तुम्ही कुठे राहता? झाडावर?

आई मात्र ओरडायची नाही. आईला उंबऱ्यावर आलेल्या माणसाला 'या' म्हणण्यावाचून दुसरं काही येतच नव्हतं. "आइए, बैठिए, पानी लेंगे?" मग चहा. मग निघताना, "फिर आइए हं." तो 'हं' तिने हिंदीत कुठेही सोडला नाही. मराठी 'या हं परत' तिने उचलून जसंच्या तसं हिंदीत ठेवलं होतं. आपल्याकडे 'या हं परत' याचा अर्थ 'आता निघा, पण राग नको' इतकाच असतो. दिल्लीवाल्यांना ते आमंत्रण वाटायचं. ते खरंच परत यायचे, आणि येताना आणखी चौघांना घेऊन यायचे.

हिंदी आणि मराठीमधल्या या चिंचोळ्या फटीत आई आयुष्यभर पाय अडकवून पडत आली. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हा तिचा कायदा. मी शाळेला निघताना घाईत "जाते गं!" म्हटलं की पोळी लाटता लाटता ती आतून गरजायची, "येते म्हण! जातो तो कायमचा जातो." मी जिन्यावरून परत वर येऊन "येते" म्हणून मग जायची. पण हेच ती बाहेर हिंदीतही करायची. भाजीवाल्याकडून निघताना "अच्छा भैया, आती हूँ हं" म्हणायची, आणि तो बिचारा तिचा कॉलीफ्लॉवर दुपारपर्यंत बाजूला काढून ठेवायचा. शेजारच्या वस्तीतल्या एका बाईने तर एकदा तिच्यासाठी चहा दोनदा गरम केला. आम्ही हसायचो. बाबा सगळ्यात जास्त हसायचे. त्या हसण्याची पुढे किंमत मोजावी लागेल, हे कुणाला ठाऊक होतं?

मी बारावीत होते ती थंडी. त्या थंडीत दर रविवारी एक बाई वीस-पंचवीस जणांची टोळी घेऊन येऊ लागल्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. जुन्या इमारती लोकांना पायी फिरवून दाखवायच्या, म्हणून आम्ही त्यांना 'वॉकवाल्या मॅडम' म्हणायचो. हातमागाची सुरेख साडी, मोठ्ठं कुंकू, हातात काठी. वयाने आईच्याच बरोबरीच्या, पण आईला 'माताजी' म्हणायच्या. शहराचा वारसा जपायचा, असं त्यांचं काम होतं. त्यांचं बोलणं ऐकत राहावं असं होतं, हे कबूल. एकदा त्या आईचा हात हातात घेऊन टोळीला म्हणाल्या, "ये लोग इस इमारत की आत्मा हैं." आईला 'आत्मा' कळला आणि ती लाजली. त्या दिवशी तिने पोहे केले. वीस-पंचवीस जणांना! बाबांच्या पगाराच्या शेवटच्या आठवड्यात! मॅडमनी पोहे पुन्हा मागून घेतले.

एका रविवारी मी मोरीत होते. डोक्यावरून पाणी घेतलेलं, अंगावर साबण, आणि पडद्यापलीकडे पावलं वाजली. मॅडमचा आवाज आला. त्या सांगत होत्या की हे बघा, इथे लाखोरी विटांचं बांधकाम, पाणी वाहून नेणारं दगडी पन्हाळं, म्हणजे हा बहुधा छोटा हमाम असावा, खासे पाहुणे इथे स्नान करत असतील. कुणीतरी विचारलं, "अंदर देख सकते हैं?" मी तांब्या छातीशी धरून भिंतीला चिकटले. थंडीने दात वाजत होते. आई स्वयंपाकघरातून धावली, "नहीं नहीं, लड़की है, लड़की है!" टोळी हसली. चांगल्या मनाने हसली असेल, पण मी ते हसणं आजपर्यंत विसरलेले नाही. इतिहास बघायला आलेल्या माणसांना पडद्यामागे एक मुलगी थंडीत भिजून उभी आहे, ही गंमत वाटली.

बाबांना मी म्हटलं, "जिन्याला दार बसवा." बाबा म्हणाले, "दगडाला खिळा मारायचा नाही गं. जुनं आहे." बाबांचं हे असं. महिन्यातून एकदा ते भिंतींच्या फटींतली पिंपळाची रोपं उपटायला कमरेला दोर बांधून झरोक्यातून वाकायचे. पाऊस यायच्या आधी गच्चीची पन्हाळी स्वतः साफ करायचे. भिंतीवर नाव कोरणाऱ्या एका पोराच्या मागे ते पार रस्त्यापर्यंत धावले होते, बनियनवर. आसपासच्या दोन घुमट्या आमच्या डोळ्यांदेखत पडल्या, त्यांच्या विटा लोकांनी नेल्या. आमचा दरवाजा उभा राहिला, कारण त्यात रोज चूल पेटत होती. हे मी तेव्हाही सांगत होते आणि आताही सांगते. ऐकायचं नसेल त्यांनी ऐकू नये.

मग संक्रांत आली. आईचं हळदीकुंकू म्हणजे त्या दरवाज्यातला सगळ्यात मोठा दिवस. आर. के. पुरमहून बाबांच्या ऑफिसातल्या मराठी बायका दोन बस बदलून यायच्या, कॅन्टोन्मेंटमधून एका हवालदारांची साताऱ्याकडची बायको यायची. कमानीखाली मोठी रांगोळी, गच्चीवर सतरंजी, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेलं कुणाचं तरी तान्हं. नेमका तो रविवार निघाला आणि मॅडम टोळीसकट हजर. आईने सगळ्यांना तिळगूळ वाटला. "तिल-गुड़ लीजिए हं, मीठा बोलिए." मॅडमच्या कपाळी हळदकुंकू लावलं, ओटीत बोरं घातली. मॅडमबरोबरच्या एका मुलाने पुष्कळ फोटो काढले. बायकांचे, रांगोळीचे, आणि गच्चीच्या टोकाला बांधलेल्या आमच्या कपड्यांच्या दोरीचे. जाताना आई म्हणाली, "फिर आइए हं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इंग्रजी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत तो फोटो छापून आला. तिळगुळाचा नव्हे. दोरीचा. मागे नक्षीदार बुरूज आणि पुढे बाबांचे बनियन, आईचे परकर, माझी शाळेची सलवार. खाली मॅडमचा लेख. बाबांनी पेपर माझ्यापुढे टाकला, "वाच आणि आईला सांग." मी सांगितलं. एका कुटुंबाने ही अनमोल वास्तू बळकावली आहे. भिंती धुराने काळ्या केल्या आहेत. ही मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्यांना खुशाल बोलावतात, चहा पाजतात, 'फिर आइए' म्हणतात, जणू ही त्यांचीच जहागीर आहे. आई हातातली परात तशीच धरून ऐकत होती. मला वाटलं चिडेल. ती एवढंच म्हणाली, "पण तिला तिळगूळ दिला होता ना गं आपण?"

अजूनही तो प्रश्न आठवला की माझ्या कानशिलांत रक्त चढतं. पोहे खाल्ले. चहा ढोसला. ओटी भरून घेतली. आणि ज्या तोंडाने खाल्लं त्याच तोंडाने आमच्या चुलीचा धूर मोजला! मॅडमना एक वास्तू वाचवायची होती, त्यांचा हेतू चांगला होता, असं मला पुढे अनेक समजूतदार लोकांनी समजावलं. समजूतदार लोकांची घरं कुणी काढून घेतलेली नसतात.

पुढचं फार झपाट्यानं झालं. दरवाजा मधल्या काळात दुसऱ्या खात्याकडे गेलेला होता, हे तेव्हा आम्हाला कळलं. बाबांच्या खात्याने हात वर केले. बाबांना आयुष्यभर वाटत आलं होतं की आपण सरकारी माणसं, आपल्याला सरकार कशाला काढेल? ते नव्या साहेबांना भेटायला गेले, मला सोबत नेलं. बाबांनी फक्त एवढंच मागितलं की मुलीची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत राहू द्या. साहेब तरुण होते, सभ्य होते. म्हणाले, "भाईसाहब, आप समझ नहीं रहे. ये हेरिटेज है." बाबा म्हणाले, "जी." बाहेर येऊन ते बसस्टॉपवर बसले आणि आमची बस आली तरी उठले नाहीत. हेरिटेज! घर रिकामं झालं की ते हेरिटेज होतं, माणूस असला की नुसती राहती जागा. बापाला मान खाली घालून 'जी' म्हणताना ऐकलं की पोरीच्या मनात काय होतं, ते कुठल्या वॉकमध्ये सांगतात का?

आम्ही निघालो तेव्हा थंडी ओसरत होती, मोहरीची उरलीसुरली शेतं पिवळीधमक झाली होती. सामान ट्रकमध्ये चढलं. आईने तिन्ही खोल्या झाडल्या, मोरी घासली. हो, घासली! रिकाम्या घराची मोरी! उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि भिंतीला हात लावून हळूच म्हणाली, "येते हं." खाली साहेब कुलूप घेऊन उभे होते, सोबत दोन शिपाई. सवयीने आईने त्यांनाही हात जोडले आणि म्हणाली, "अच्छा साहब, हम आते हैं हं."

साहेब दचकले. "आते हैं? क्या मतलब, आते हैं?" मग शिपायांकडे वळून म्हणाले, "सुना? मुँह पर बोल रही हैं. एक ताला और लगाओ. और आज से यहाँ चौकीदार बैठेगा."

मी ट्रकमधून उडी मारून गेले. "सर, हमारे यहाँ जाते समय ऐसे ही बोलते हैं. 'जाती हूँ' नहीं बोलते, अशुभ होता है." साहेब घड्याळ बघत म्हणाले, "बेटा, ट्रक में बैठो." दुसरं कुलूप आमच्या समोर लागलं. आई ट्रकमध्ये ट्रंकेवर बसली होती. आर. के. पुरम येईपर्यंत ती एकच विचारत राहिली, "माझं काय चुकलं गं? मी काय वाईट बोलले?" बाबा, जे तिच्या हिंदीवर इतकी वर्षं हसत आले होते, ते बाहेर बघत बसले.

इतक्या वर्षांनी एकदाचं मिळालेलं आर. के. पुरमचं क्वार्टर चांगलं होतं. नळाला पाणी, संडास आत, न्हाणीघराला कडी असलेलं दार. मी दार लावून मनसोक्त आंघोळ करायची आणि मग तिथेच उभी राहून रडायची. बारावीला मार्क पडले ते पडले. बाबा निवृत्तीनंतर फार राहिले नाहीत. मयूर विहारच्या सोसायटीतला हा फ्लॅट त्यांनी पाहिलाच नाही. आणि आईने हिंदीत कुणाला 'फिर आइए' म्हणणं सोडलं. पाहुणा निघाला की नुसतं "अच्छा" म्हणते. घरात मात्र मराठीत 'येते'चा कायदा अजून चालू आहे. सईला लहानपणापासून तो मान्य नाही. "जाते काय, येते काय, आजी, मतलब तो वही है ना यार!"

तर रविवारी आम्ही गेलो. सईची हौस. मेट्रोने, मग टॅक्सीने. मोहरी नाही, शेत नाही, काचेच्या इमारतींच्या मध्ये आमचा दरवाजा धुऊन-पुसून उभा. जन्मल्या घरात मी तिकीट काढून शिरले. खालच्या कोठड्यांत कॅफे. भिंतींवर शोभेसाठी फावडी आणि घमेली टांगलेली. बाबांच्या खात्याची! कदाचित तीच! त्यांच्याखाली बसून तरुण मंडळी कॉफी पीत होती.

आई गुडघे धरून जिना चढली. थांबत थांबत, पण कुणाचा हात घेतला नाही. पहिल्या खोलीत काही नव्हतं. दुसऱ्या खोलीत काही नव्हतं. शेगडीमागचा काळा डाग खरवडून काढलेला, बाळकृष्णाच्या कोनाड्यात पिवळा दिवा. मागच्या खोलीत एका कोपऱ्याला मखमली दोरी लावलेली होती आणि दोरीच्या आत, खालून मंद उजेड सोडलेली, आमची मोरी होती.

वाकड्या कठड्यासकट. तांब्याच्या खळग्यासकट. बाजूला पितळी पाटी: 'हमाम. लाखोरी विटांतील मूळ बांधकाम. कठड्यावरील वर्तुळाकार खोबण अत्तराच्या कुपीसाठी असावी.' पाटी हिंदी-इंग्रजीत होती. मी आईला मराठीत वाचून दाखवली.

आई हसली. खूप दिवसांनी अशी खळखळून हसली. "अगं, ह्यांची मोरी! नाकासारखी वाकडी!" आणि हसता हसता तिने दोरीवरून वाकून त्या खळग्यात बोटं ठेवली. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. "माताजी, छूना मना है!"

"मेरे मिस्टर ने बनाया है," आई म्हणाली.

"अच्छा, अच्छा. पीछे हटिए."

सई म्हणाली, "आजी, सिरियसली? ही आजोबांनी बांधली? हे तर ह्यांना सांगायला पाहिजे!" आईने मान हलवली. ती अजून हसत होती. "राहू दे गं. ह्यांचं काम बादशाही ठरलं, चांगलंच आहे की." तेवढ्या पाच-दहा मिनिटांत माझाही राग निवला होता. वाटलं, काही का नाव देईनात, बाबांच्या हातचं काहीतरी जपलंय कुणीतरी.

उतरून कमानीतून बाहेर पडताना डाव्या हाताला एक दगडी फलक आहे. इतिहास लिहिलेला. सराय कुणी बांधली, कधी पडली, कुणी जीर्णोद्धार केला. आईला देवनागरी वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बसची पाटीसुद्धा ती पूर्ण वाचते. एकेका शब्दावर बोट ठेवत ती खाली आली. शेवटची ओळ अशी: 'अतिक्रमण हटाकर स्मारक को उसके मूल स्वरूप में लौटाया गया.'

बोट 'अतिक्रमण'वर थांबलं.

"हे आपण ना गं?" तिने विचारलं.

मी खोटं बोलणार होते. पण हा शब्द मराठीतही तोच आहे, त्याला काय सांगणार? मी म्हटलं, "हो."

सई घाईने म्हणाली, "आजी, ते जनरल लिहितात यार. सगळीकडे लिहितात."

बाबांची मोरी मूळ बांधकाम आणि बाबा अतिक्रमण. विटा आतल्या, माणूस बाहेरचा. मला तो फलक त्यांच्याच भिंतीवरच्या फावड्याने फोडावासा वाटला, हे मी इथे लिहून ठेवते. वय झालं म्हणून राग कमी होतो असं कोण म्हणतं?

पदराच्या टोकाने आईने त्या अक्षरांवरची धूळ पुसली, सवयीने, घरातली फळी पुसावी तशी. मग शाल नीट केली आणि आम्ही फाटकाशी आलो. तिथल्या चुणचुणीत गणवेशातल्या पहारेकऱ्याला शिकवून ठेवलेलं असावं. तो हसून, छातीवर हात ठेवून म्हणाला, "फिर आइएगा!"

आई थांबली. त्याच्याकडे नाही, वर झरोक्याकडे बघितलं.

"जाते," ती म्हणाली. "जाते मी."

सई फोनमध्ये बघत होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. "चल आजी, कॅब आली," म्हणत ती पुढे झाली. माझ्या ओठांवर आलं होतं, अगं, येते म्हण. मी म्हटलं नाही.